कल्याण नावाचं एन्झाइम

१९८४ साली ‘ह्युमन जेनेटिक्स’ या नियतकालिकात सी. एस. इश्वाद आणि एस. एन. नाईक यांचा पाचेक पानांचा शोधनिबंध छापून आला. एका कोळी कुटुंबाच्या रक्तात एका एन्झाइमचा तोवर कुठेही न नोंदलेला प्रकार सापडला होता. त्याचं नाव ठेवलं ‘जी६पीडी कल्याण’. जगातल्या जनुकशास्त्राच्या तक्त्यांत अथेन्स, कँटन, महिडॉल अशा नावांच्या रांगेत आपलं कल्याण जाऊन बसलं, आणि त्याचा पत्ता कल्याणात फारसा कुणाला लागला नाही.

कल्याणवरून खाली उतरणारी उल्हास नदी पुढे खाडी होते आणि भिवंडीच्या दक्षिणेला वळसा घालून वसईच्या समुद्राला मिळते. या पाण्याच्या उत्तर अंगाला खारबाव आहे. वसई रोड–दिवा मार्गावर कामण रोड आणि भिवंडी रोड यांच्यामधलं स्टेशन. बाजूने चिंचोटी–अंजूरफाटा रस्ता, त्यावर कंटेनरची अखंड रांग. गाव आणि आसपासची वस्ती आगरी-कोळ्यांची. खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेले मातीचे बांध, त्याआड भाताची खाचरं, आणि त्याच जमिनीवर गेल्या काही वर्षांत उठलेली गोदामं. कल्याणचे कोळी आणि खाडीच्या खालच्या अंगाचे कोळी यांच्यात सोयरीक चालत आली आहे, होडीचा रस्ता एकच होता. १९८४ मधलं ते कुटुंब खारबावचं होतं असा दावा मी करत नाही. पण त्या रक्ताची गोष्ट सांगायची तर ती या खाडीपट्ट्यात उभं राहूनच सांगावी लागते. कारण ज्या आजारामुळे आणि ज्या गोळीमुळे या एन्झाइमची उणीव जगाला कळली, ती दोन्ही या पट्ट्याच्या ओळखीची आहेत.

आधी एन्झाइमचं काम. भात, भाकरी, ऊस, फळं, काहीही खाल्लं तरी त्यातल्या पिष्टाचं आणि साखरेचं शेवटी ग्लुकोज होतं आणि पेशी ते जाळून ताकद मिळवतात. हा झाला हमरस्ता. पण थोडं ग्लुकोज एका आडवाटेने जातं. तिथे ताकद तयार होत नाही, एनएडीपीएच नावाचा रेणू तयार होतो. त्याच्या जोरावर ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य ताजं राहतं, आणि ते पेशीला ऑक्सिजनच्या दाहक अवशेषांपासून वाचवतं. आडवाटेच्या तोंडावर जे एन्झाइम बसलेलं असतं ते ग्लुकोज-६-फॉस्फेट डीहायड्रोजिनेज, म्हणजेच जी६पीडी. इतर पेशींना एनएडीपीएच मिळवायला दुसरेही मार्ग आहेत. तांबड्या रक्तपेशीला केंद्रकही नाही आणि मायटोकाँड्रियाही नाहीत, त्यामुळे तिची सगळी भिस्त या एकाच वाटेवर. एन्झाइम कमी पडलं तरी एरवी काही बिघडत नाही. माणूस होडी वल्हवतो, नांगर धरतो, लग्न करतो, म्हातारा होतो. ताण आला की मात्र पेशी पटापट फुटतात. लघवी काळपट लाल होते, डोळे पिवळे पडतात, धाप लागते.

साखरेच्या पचनातले आनुवंशिक दोष हा विषय तसा जुना. लंडनचे डॉक्टर आर्चिबाल्ड गॅरड यांनी १९०८ मध्ये ‘चयापचयाच्या जन्मजात चुका’ ही कल्पना मांडली. त्यांनी निवडलेल्या चार उदाहरणांत एक पेंटोझूरिया होतं, म्हणजे लघवीतून विशिष्ट साखर जाणं. मग १९२९ मध्ये फॉन गीर्के यांनी साठलेल्या ग्लायकोजेनने फुगलेलं यकृत दाखवलं, १९३२ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या यान पॉम्पे यांनी तसंच फुगलेलं एका तान्ह्या बाळाचं हृदय. (पॉम्पे यांना १९४५ च्या एप्रिलमध्ये, युद्ध संपत आलं असताना, नाझींनी गोळ्या घातल्या.) गीर्केच्या रोगात नेमकं कोणतं एन्झाइम गैरहजर असतं हे गर्टी आणि कार्ल कोरी या जोडप्याने १९५२ मध्ये शोधलं. आनुवंशिक रोगामागचं एन्झाइम यकृतात हात घालून दाखवण्याची ती पहिलीच वेळ. त्यानंतरचं १९५६ साल तर विलक्षण ठरलं. दुधातली गॅलॅक्टोज साखर न पचणाऱ्या बाळांमधला दोष त्या वर्षी पकडला गेला. फळांतली फ्रुक्टोज न सोसणाऱ्या बाईची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये आली. आणि अमेरिकेत पॉल कार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जी६पीडीचा अभाव शोधून काढला.

पहिल्या दोघांच्या मुळाशी आजारी माणसं होती. तिसऱ्याच्या मुळाशी धडधाकट कैदी होते, आणि तिथे जरा थांबायला हवं.

मलेरियाचा व्हायव्हॅक्स नावाचा प्रकार चिवट. ताप उतरतो, माणूस कामाला लागतो, आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा थंडी वाजून येते. परजीवीचे झोपलेले अंश यकृतात दडून बसतात. क्विनीन किंवा क्लोरोक्विन रक्तातल्या परजीवींना मारतं, यकृतातल्यांना शिवतही नाही. त्यांच्यावर चालणारं पहिलं औषध, प्लाझ्मोकिन, जर्मनीच्या बायर कंपनीने १९२०च्या दशकात आणलं. मध्य अमेरिकेच्या केळीच्या मळ्यांत ते वाटलं गेलं आणि काही मजुरांच्या लघवीचा रंग पालटला, हेही १९२६ मध्येच छापून आलं. बाकीच्या मजुरांना काहीच होत नव्हतं, तेव्हा कारण औषधात शोधायचं की माणसात, हे कुणालाच उमगेना.

दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकच्या बेटांवर अमेरिकी सैन्याला मलेरियाने हैराण केलं तेव्हा औषध शोधायची घाई झाली. इलिनॉय राज्यात स्टेटव्हिल नावाचा तुरुंग आहे. शिकागो विद्यापीठाचे डॉ. अल्फ आल्व्हिंग यांनी तिथे कैद्यांना मुद्दाम डास चावून घ्यायला लावून औषधं तपासायला सुरुवात केली. ‘लाइफ’ मासिकाने १९४५ मध्ये त्याची चित्रं कौतुकाने छापली. पुढे न्यूरेंबर्गच्या खटल्यात नाझी डॉक्टरांच्या वकिलांनी बचावासाठी याच तुरुंगाकडे बोट दाखवलं. संमती घेतली होती म्हणतात. तुरुंगातल्या माणसाची संमती म्हणजे काय, हा प्रश्न तिथेही निकाली निघाला नाही आणि आजही निघालेला नाही.

त्या तुरुंगातून प्रायमाक्विन बाहेर पडलं. कोरियाच्या युद्धातून परतणाऱ्या सैनिकांना जहाजावरच रोज १५ मिलिग्रॅमप्रमाणे चौदा दिवस ते देण्यात आलं. कृष्णवर्णीय सैनिकांपैकी काहींचं रक्त उतरू लागलं. आल्व्हिंग यांच्या गटातल्या रेमंड डर्न आणि अर्नेस्ट ब्यूटलर यांनी १९५४ मध्ये जो प्रयोग केला तो मला या सबंध इतिहासात सगळ्यांत सुरेख वाटतो, प्रयोगाची जागा कितीही बोचली तरी. औषध न सोसणाऱ्या माणसाच्या तांबड्या पेशी काढून त्यांना किरणोत्सारी क्रोमियमची खूण केली आणि त्या सोसणाऱ्या माणसाच्या अंगात सोडल्या. मग त्याला गोळी दिली. खुणेच्या पेशी फुटल्या, त्याच्या स्वतःच्या शाबूत राहिल्या. उलटही करून पाहिलं, आणि सोसणाऱ्याच्या पेशी न सोसणाऱ्याच्या अंगातही टिकल्या. दोष अंगात, यकृतात, आहारात कुठेच नव्हता. पेशीच्या आतच होता. आणखी एक गोष्ट हाती लागली. फक्त म्हाताऱ्या पेशी फुटतात. नव्या पेशींत एन्झाइम अजून शिल्लक असतं, त्या तग धरतात. दोन वर्षांनी कार्सन यांनी त्या दोषाला एन्झाइमचं नाव दिलं. १९५७ मध्ये सिअ‍ॅटलच्या आर्नो मोटुल्स्की यांनी मांडलं की औषधाची बाधा हीसुद्धा वारशाने येऊ शकते. भूमध्य समुद्राकाठी बाकल्याच्या शेंगा खाऊन लोक पिवळे पडत, त्याचंही कोडं याच एन्झाइमने सुटलं.

मुंबईत ही बातमी पोहोचायला फार वेळ लागला नाही. किंबहुना मुंबई तयारच होती. परळला डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या पुढाकारातून भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभं राहिलं होतं. खानोलकरांबरोबर एल. डी. संघवी यांनी १९४९ मध्येच मुंबईतल्या, आपसातच लग्न करणाऱ्या सहा जातिसमूहांतल्या सात आनुवंशिक लक्षणांचा अभ्यास छापला होता. रक्ताच्या बाबतीत हे शहर आधीच नाव कमावून बसलं होतं. १९५२ मध्ये भेंडे, देशपांडे आणि भाटिया यांनी ‘बाँबे’ रक्तगट जगापुढे ठेवला, आणि गंमत अशी की त्यातही गैरहजर असते ती रक्तपेशीच्या अंगावर एक साखर चिकटवण्याचीच क्षमता. संघवी, ए. जे. बक्षी आणि व्ही. बालकृष्णन यांनी १९६१ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये मुंबईच्या नमुन्यातल्या जी६पीडी-अभावाची नोंद छापली. भारतातली ही पहिली नोंद मानतात. १९६३ मध्ये त्यांनी पारशी समाजाचं रक्त पाहिलं, आणि तिथे हा दोष दर शंभर पुरुषांमागे पंधराच्या आसपास निघाला.

पारशी आणि मलेरिया यांचा संबंध मुंबईत याआधी एकदा निराळ्याच कारणाने आला होता. १९११ मध्ये चार्ल्स बेंटली यांनी मुंबईच्या मलेरियाचा अहवाल लिहिला, विहिरींतला डास दोषी ठरवला आणि विहिरी बुजवा म्हणाले. पारशी आणि हिंदू दोघांनी धर्माचं कारण सांगून विरोध केला. चर्चगेटजवळची १७२५ सालची भिका बेहराम विहीर म्हणून तर आजही आहे. एकीकडे मलेरियाच्या डासाचं घर आणि दुसरीकडे मलेरियाच्या गोळीने फुटणारं रक्त, दोन्ही बाबतींत एकाच समाजाचं नाव यावं हा योगायोग. पण मलेरियाच्या मुलखांतच हा दोष जगभर जास्त आढळतो, हा योगायोग नाही. कमी एन्झाइमच्या पेशीत फॅल्सिपॅरम जातीच्या परजीवीला नीट जम बसवता येत नाही, असं साठीच्या दशकापासून संशोधक सांगत आले. पिढ्यान्‌पिढ्या तापाने माणसं मेली तिथे हा दोष असलेली थोडी जास्त वाचली, आणि दोष राहिला.

मुलग्यात हा दोष वारशाने येतो तो आईकडून. त्याचं जनुक ‘एक्स’ गुणसूत्रावर आहे आणि मुलाला ‘एक्स’ आईच देते. त्यामुळे काळी लघवी मुलाला होते, भाच्याला होते, आणि घरातली माणसं बापाच्या खानदानात कारण शोधत बसतात.

साठीच्या दशकात जगभरातून इतके प्रकार नोंदले जाऊ लागले की जागतिक आरोग्य संघटनेला १९६७ मध्ये नियम घालून द्यावे लागले. नाव माणसाचं नको, स्थळाचं ठेवा, आणि नवा प्रकार म्हणण्याआधी ठरलेल्या कसोट्या लावा. त्या कसोट्या वाचताना प्रयोगशाळेतले कष्ट कळतात. रक्त आणायचं, पेशी धुऊन फोडायच्या, त्यांतून एन्झाइम वेगळं काढून शुद्ध करायचं. स्टार्चच्या जेलवर ते ठेवून वीज सोडायची आणि साध्या एन्झाइमच्या मानाने किती सरकतं ते पाहायचं. किती कमी ग्लुकोज-६-फॉस्फेट असताना ते कामाला लागतं ते मोजायचं. मग २-डीऑक्सिग्लुकोज-६-फॉस्फेट ही तोतया साखर द्यायची आणि एन्झाइम फसतं का बघायचं. गरम करून किती टिकतं आणि किती आम्लतेत सगळ्यांत जोमाने चालतं, याच्या नोंदी ठेवायच्या. मोटुल्स्की आणि सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये भारतीयांच्या रक्तात असे काही प्रकार नोंदले, त्यांत ‘केरळ’ आणि ‘पश्चिम बंगाल’ होते. सोळा वर्षांनी इश्वाद आणि नाईक यांनी त्याच कसोट्या कोळी कुटुंबाच्या रक्ताला लावल्या आणि ‘कल्याण’ जन्माला आलं.

या पद्धतीने जगभर चारशेच्या वर नावं झाली. इतकी नावं खरी असतील का, ही शंका होतीच. १९८६ मध्ये इटलीतल्या नेपल्सच्या गटाने जी६पीडीचं जनुक वेगळं केलं आणि आता एन्झाइमच्या वागणुकीवरून अंदाज बांधण्याऐवजी थेट जनुकाची अक्षरं वाचता येऊ लागली. लुचिओ लुझाटो यांच्या लंडनमधल्या गटाने भारतीय नमुने वाचले, त्या कामात इश्वादही होते. १९९२ मध्ये निकाल आला. कल्याणच्या नमुन्यात जनुकाच्या ९४९व्या जागी ‘जी’चं ‘ए’ झालेलं, त्यामुळे एन्झाइमच्या साखळीतल्या ३१७व्या कडीला ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन. केरळच्या नमुन्यातही अगदी तेच. दोन संशोधन-गटांनी, दोन वेगळ्या दशकांत, दोन नावांनी एकच गोष्ट नोंदली होती. तेव्हापासून तिला ‘केरळ-कल्याण’ म्हणतात. कल्याणचा मान निम्मा गेला असं कुणी म्हणेल. मला तर उलट वाटतं. एकट्या कुटुंबाचा अपवाद म्हणून जे नोंदलं गेलं होतं, ते पश्चिम किनाऱ्याने खाली केरळपर्यंत पसरलेलं निघालं. त्या अक्षराचा प्रवास गलबतांनी झाला की पायी, हे सांगणारा कागद कुठे नाही.

परळच्याच केईएम रुग्णालयाच्या आवारात इम्युनोहिमॅटॉलॉजीची राष्ट्रीय संस्था आहे. तिथल्या सुकुमार, मुखर्जी, कोलाह आणि मोहंती यांनी २००४ मध्ये भारतातल्या दोषाचा हिशेब मांडला. भूमध्य समुद्राच्या नावाचा प्रकार ६०.४ टक्के, केरळ-कल्याण २४.५ टक्के आणि १९९५ मध्ये आदिवासी समाजांत सापडलेला ओरिसा १३.३ टक्के. भूमध्य प्रकार कडक, त्यात एन्झाइम जवळपास संपलेलं असतं. केरळ-कल्याण त्या मानाने सौम्य. तेव्हा कुठला प्रकार आहे यावर गोळीने किती बाधेल ते ठरतं.

आता खारबावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या बाकावर कोण बसलेलं असतं ते डोळ्यांसमोर आणा. गावचे आगरी-कोळी, वाडीवरचे कातकरी, आणि गोदामांत माल चढवणारे, यंत्रमागावर राबणारे उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणचे कामगार. तीन मुलखांचं रक्त एका रांगेत. तोंडाकडे पाहून एन्झाइम कळत नाही, जात विचारूनही नाही.

व्हायव्हॅक्सच्या रुग्णाला आपल्याकडे कितीतरी वर्षं प्रायमाक्विनचे पाचच दिवस दिले जात. पाच दिवसांत रक्त उतरलंच तर थोडं उतरे, आणि म्हाताऱ्या पेशी संपल्या की थांबे. हा पाच दिवसांचा सल्ला चुकीचा ठरवणारं काम पुन्हा मुंबईतच झालं. केईएममधल्या गोगटे आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये पाच दिवसांची आणि चौदा दिवसांची मात्रा शेजारी ठेवून पाहिली. पाच दिवसांनी ताप उलटण्याचं प्रमाण कमी होत नव्हतं, चौदा दिवसांनी होत होतं. पुढे राष्ट्रीय धोरणातही चौदा दिवस आले. मलेरियाच्या दृष्टीने ते बरोबरच झालं. एन्झाइम कमी असलेल्याच्या वाट्याला मात्र जवळपास तिप्पट गोळ्या आल्या. २०१३ च्या राष्ट्रीय धोरणात तान्ही बाळं, गरोदर बायका आणि जी६पीडी-अभाव असलेल्यांना प्रायमाक्विन देऊ नका असं लिहिलंय. त्याबरोबर लक्षणांची यादी आहे, लघवी गडद, डोळे पिवळे, ओठ निळसर, पोटदुखी, उलटी. म्हणजे आशाताईने गोळ्यांची पट्टी हातात देताना म्हणायचं, “काकी, लघवी काळी-लाल झाली तर गोळी थांबवा आणि लगेच मला सांगा.” सत्तर वर्षांपूर्वी जहाजावर सैनिकांचं रक्त उतरलं ते जसं ओळखलं गेलं, तसंच हे ओळखायचं.

चाचणी अवघड नाही. ब्यूटलर यांनीच साठीच्या दशकात सोपी करून ठेवली आहे. बोट टोचून काढलेला थेंब रसायनात मिसळायचा, गाळणकागदावर टिपका द्यायचा आणि अतिनील दिव्याखाली धरायचा. एन्झाइम असेल तर टिपका चमकतो, नसेल तर अंधारात राहतो.

आजार न होताही एक धोका घरोघरी असतो, तो डांबरगोळ्यांचा. बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या मुलीसाठी पेटीतली जुनी मऊ लुगडी, दुपटी काढतात. त्यांत वर्षभर डांबरगोळ्या ठेवलेल्या. त्यातलं नॅप्थलीन वासाने आणि त्वचेतून बाळाच्या अंगात जातं आणि एन्झाइम नसलेल्या बाळाची कावीळ भडकते. कपडे नुसते उन्हात टाकून भागत नाही, धुवून मग वापरायचे. डॉक्टरांनी ‘शेंगा बंद’ म्हटल्यावर आगरी घरात वालाचं बिरडंही बंद केल्याचं ऐकायला मिळतं. त्याची गरज नाही. बाधतो तो बाकला, वाल वेगळा.

आता प्रायमाक्विनला पर्याय म्हणून टॅफेनोक्विन आलं आहे. अमेरिकेत २०१८ मध्ये मान्य झालेल्या या औषधाचा एकच डोस, ३०० मिलिग्रॅम. चौदा दिवस गोळ्या घेणार कोण, हा कायमचा प्रश्न तिथे मिटतो. पण हे औषध रक्तातून निम्मं व्हायलाच साधारण दोन आठवडे घेतं. लघवीचा रंग बदलला म्हणून थांबवण्यासारखं काही उरत नाही, गोळी पोटात गेलेली असते. म्हणून ते देण्याआधी एन्झाइम मोजण्याची अट आहे, आणि ते सर्वसाधारण पातळीच्या ७० टक्क्यांहून जास्त लागतं. ब्यूटलरचा टिपका इथे पुरत नाही. तो अगदी कमी एन्झाइम असलेल्या पुरुषांना पकडतो, पण दोन ‘एक्स’पैकी एकावरच दोष असलेल्या बाईचा टिपका चमकून जातो. तिच्या निम्म्या पेशी धड, निम्म्या अधू, आणि मोजमाप ३० ते ७० टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी. काळ्या लघवीच्या मुलाची आई ती हीच, आणि आतापर्यंत तिची चाचणी करायचं कुणाला सुचलेलं नसतं.